जी लेन गेली म्हणता, ती होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी वाकडला राहतो, नोकरी शिवाजीनगरला. रोज पुण्यातल्या औंधमधून जावं लागतं. तिथले फुटपाथ रुंद केले आणि गाड्यांचा रस्ता अरुंद झाला. औंधकर संध्याकाळी मजेत फिरतात, आम्ही मात्र गाडीत बसून घड्याळाकडे बघतो. टॅक्स आम्हीही भरतो. एका पेठेच्या सोयीसाठी बाकीच्या सगळ्यांची वाट का लावायची? रस्ता नक्की कुणाचा?"

उत्तर लांबणार आहे. गेली सव्वीस वर्षं मी रस्त्यांची आखणी आणि वाहतुकीची मोजणी हेच काम करतो, आणि या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आहेत. औंधच्या परिहार चौकाजवळचे रस्ते स्मार्ट सिटीच्या पहिल्या लाटेत, २०१७च्या सुमारास बदलायला घेतले, तेव्हापासून ही कुरबूर ऐकतोय. जंगली महाराज रस्त्यावरही तीच झाली. ही दोन्ही कामं माझी नाहीत हे आधीच सांगतो, म्हणजे स्वतःच्या नकाशाची वकिली चाललीये असं वाटायला नको. शिवाय तुमच्या तक्रारीत एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. तिच्याकडे येईनच, पण आधी लेनचं बघू.

आमचा मोजणीचा कागद अजूनही जुनाच आहे. उभे रकाने दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, बस आणि सायकलचे, आडव्या ओळी पंधरा-पंधरा मिनिटांच्या. मोजणारा पोरगा चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी अशा जुड्या पाडत बसतो. आता कॅमेरे आले, सॉफ्टवेअर मोजतं, तरी मी एका माणसाला डाव्या कडेला उभा करतोच. कॅमेऱ्याला चालत्या गाड्या दिसतात आणि मला उभ्या गाड्यांशी काम असतं. असाच एकदा सकाळी साडेनऊला पश्चिम पुण्यातल्या एका रस्त्यावर, जिथे एका बाजूला तीन लेन आहेत, दोनशे मीटर चालत गेलो. डाव्या लेनमध्ये दुधाचे क्रेट उतरवणारा टेम्पो होता. मेडिकलसमोर चारही इंडिकेटर लावून "दोन मिनिटांत आलो" म्हणून सोडलेली कार होती. बसथांब्यावर रिक्षांनी आपला स्टँड थाटला होता, त्यामुळे पीएमटी (नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी आम्ही पीएमटीच म्हणतो) मधल्या लेनमध्ये थांबायची आणि एक आजी हातात पिशवी घेऊन दोन रिक्षांच्या फटीतून बसकडे जायच्या. पुढे एका सोसायटीसमोर कव्हर घातलेली सेडान. कव्हरवर सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा थर बसलेला, म्हणजे गाडी निदान आठवडाभर हललेली नव्हती.

नकाशावर ती साडेतीन मीटरची लेन होती. त्या दोनशे मीटरांत ती चालत्या गाडीच्या उपयोगाला कुठेच येत नव्हती.

हे माझं नुसतं निरीक्षण नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९९० सालचं शहरी रस्त्यांच्या क्षमतेचं एक मार्गदर्शक आहे, क्रमांक १०६. आमच्या धंद्यात ते रोजच्या वापरातलं पुस्तक. त्यात गाड्या 'पीसीयू'त मोजतात, म्हणजे एक कार हे एक माप. एकेरी दोन लेनच्या रस्त्यावरून तासाला किती वाहतूक धरायची, याचे त्यात तीन आकडे दिलेत. रस्त्यावर घरा-दुकानांची थेट दारं उघडत नाहीत, उभ्या गाड्या नाहीत, आडवी वाहतूक फारशी नाही, तर २४००. दारं आहेत पण उभ्या गाड्या नाहीत, तर १९००. दारंही आहेत, पार्किंगही आहे आणि आडवी वाहतूकही भरपूर, तर १४००. डांबर तेवढंच आणि लेनही दोनच, पण कडेला काय चाललंय त्यावर हजार पीसीयूंचा फरक पडतो.

आता तीन लेनचा आकडा बघा. तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे पुण्यात सर्रास दिसणाऱ्या रस्त्यावर, तीन लेनना २२०० मिळतात. तोच रस्ता दोन लेनचा केला आणि उभ्या गाड्या खरोखर हटवल्या, तर १९००. एक तृतीयांश रस्ता गेला म्हणून आपण ओरडतो, पण कागदावर गेले फक्त ३०० पीसीयू, चौदा टक्क्यांच्या आत. आणि साडेतीन मीटर जागा मोकळी झाली. 'खरोखर हटवल्या' या दोन शब्दांवर सगळी मदार आहे, हेही लगेच कबूल करतो. फुटपाथ रुंद करून उरलेल्या दोन लेनपैकी एकीत पुन्हा पार्किंग होऊ दिलं, तर तुमचा संताप रास्त आहे. तसं झालेले रस्ते पुण्यात मी रोज बघतो.

पण तुमचा उशीर बहुधा या दोन चौकांमधल्या पट्ट्यात होतच नाही. तो होतो चौकात.

सिग्नलवरून किती गाड्या सुटतात याचा आमचा एक ठोक हिशेब आहे: स्टॉप लाइनपाशी रस्ता जितके मीटर रुंद, गुणिले ५२५, म्हणजे अखंड एक तास हिरवा दिवा राहिला तर सुटणाऱ्या पीसीयू. तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर, गुणाकार होतो साधारण ५५००. पण हिरवा दिवा अखंड नसतो. चार बाजूंच्या चौकात दोन मिनिटांच्या चक्रातले छत्तीस सेकंद तुमच्या वाट्याला आले, म्हणजे तीस टक्के, तर तासाला सुटतात जेमतेम १६५०. मागच्या पट्ट्यातून दोन स्वच्छ लेन १९०० आणून देऊ शकतात आणि चौक गिळतो १६५०. अशा ठिकाणी मधल्या पट्ट्यात तिसरी लेनच काय, चौथी टाकली तरी तुम्ही ऑफिसला एक मिनिटही लवकर पोचणार नाही. ती लेन म्हणजे बसायला जास्त खुर्च्या असलेली वेटिंग रूम. डॉक्टर एकच.

तुम्ही म्हणाल, मग वेटिंग रूम तरी मोठी राहू द्या. इथे तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा येतो आणि फुटपाथवाले माझे मित्र तो ऐकून घेत नाहीत. रांगेला जागा लागते. सिग्नलला १२० गाड्या तुंबल्या आणि प्रत्येकीला मागच्या-पुढच्या फटीसकट सहा मीटर धरले, तर तीन लेनमध्ये रांग २४० मीटर होते, दोन लेनमध्ये ३६०. मागचा चौक ३०० मीटरवर असेल तर दुसऱ्या हिशेबात रांगेची शेपटी त्या चौकात शिरते, तिथली आडवी वाहतूक अडकते, आणि बघता बघता तीन चौक एकमेकांना धरून बसतात. पोलीस हाताने सोडवतात तेव्हाच ते सुटतं. अख्खा परिसर ठप्प झाल्याच्या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. रस्ता पोटात बारीक ठेवायचा आणि चौकाच्या तोंडाशी रुंद. वरच्याच हिशेबात छत्तीस सेकंदांच्या हिरव्या दिव्यात साधारण ५५ पीसीयू सुटतात. तीन लेनमध्ये त्या उभ्या करायला ११० मीटर पुरतात. म्हणजे स्टॉप लाइनच्या मागे शंभर-सव्वाशे मीटर तिसरी लेन राखायची आणि त्यामागच्या पट्ट्यात ती फुटपाथला, झाडांना, बसथांब्याला द्यायची. हिरवा दिवा पूर्ण वापरला जातो आणि चालणाऱ्यालाही जागा मिळते.

हे मी शहाणपणाने सांगतोय खरा, पण एकदा स्वतः चुकलोय. कुठल्या गावात ते सोडा. नकाशावर फुटपाथची कड एका सरळ रेघेत चौकापर्यंत नेली, कारण ती छान दिसत होती. कंत्राटदाराने कर्बस्टोन, म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड, थेट स्टॉप लाइनपर्यंत बसवले. पहिल्याच सोमवारी डावीकडे वळणाऱ्या रिक्षा आणि सरळ जाणाऱ्या गाड्या एकाच तोंडात अडकल्या. तीन आठवड्यांनी चाळीस मीटर कर्ब फोडून काढला, आणि फोडताना बघ्यांची जी गर्दी जमली होती ती उद्‌घाटनाला नव्हती. तेव्हापासून कुठलाही नकाशा समोर आला की आधी चौकाच्या तोंडाशी पट्टी लावतो. अर्थात तोंड रुंद ठेवलं की चालणाऱ्याला ओलांडायचं अंतर वाढतं. साडेदहा मीटर ओलांडायला धडधाकट माणसाला नऊ सेकंद लागतात, त्या पिशवीवाल्या आजींना तेरा-चौदा. म्हणून मध्ये थांबायला बेट हवंच. ते बहुतेक ठिकाणी नसतं, किंवा असतं आणि त्यावर एखाद्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो.

आता टॅक्सचं आणि मालकीचं. "रस्ता कुणाचा" या प्रश्नात गाडी मोजायची की माणूस, हे आपण न बोलता ठरवून टाकतो. त्याच पुस्तकातल्या मापाने दुचाकी पाऊण पीसीयू, कार एक आणि बस ३.७, तेही बसच्या विरोधात जाणारा जास्तीचा आकडा धरून. समजा कारमध्ये सरासरी दीड माणूस, दुचाकीवर सव्वा. म्हणजे एका पीसीयूइतक्या जागेत कार दीड माणूस नेते, दुचाकी पावणेदोनच्या आसपास. बसमध्ये पन्नास माणसं असतील तर साडेतेरा. बस निम्मी रिकामी असली तरी पावणेसात. केंद्र सरकारचं २००६ सालचं शहरी वाहतूक धोरण हेच म्हणतं की वाहनं नव्हे, माणसं हलवायची आहेत. धोरणाला वीस वर्षं झाली. कमी केलेल्या लेनमधून तुमची कार हळू जाते तेव्हा तुमच्यामागे बसमधली पन्नास माणसंही अडकलेली असतात. लेन परत मागणाऱ्या सभेत त्यांच्या वतीने बोलायला मात्र कुणी येत नाही.

ती माणसं बसमध्ये असतील तर, हे खरं. आणि तुमची शंभर टक्के खरी असलेली गोष्ट हीच. वाकडहून शिवाजीनगरला वेळेवर येणारी, बसायला जागा असणारी, वेळेत पोचवणारी बस तुम्हाला मिळते का? केंद्राच्या निकषात उत्तम सेवेसाठी हजार लोकसंख्येमागे ०.६ बस धरल्या आहेत, म्हणजे लाखाला ६०. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साठ लाख धरले, आणि ते कमीच धरले, तरी ३६०० बस हव्यात. दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलच्या ताफ्याचा आकडा वर्षानुवर्षं दोन हजारांच्या आसपास घुटमळतो, आणि ताफ्यातली प्रत्येक बस रोज रस्त्यावर असतेच असं नाही. ज्याला पर्याय दिलेला नाही त्याची लेन काढून "आता बसने जा" म्हणणं हा उद्धटपणा आहे. माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी तो केलाय. मीही एका सभेत केला होता आणि मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "साहेब, तुम्ही आज कशाने आलात?" मी कारने आलो होतो.

बसला स्वतःची लेन द्यायचा प्रयत्न पुण्याने देशात सगळ्यांच्या आधी केला. कात्रज-स्वारगेट-हडपसर, २००६. तो कसा फसला ते पुणेकराला सांगायला नको. नगर रस्त्यावरचा बीआरटी, म्हणजे असाच बसचा वेगळा मार्ग, २०१६ साली आला आणि दहा वर्षं भरायच्या आत त्याचे बरेचसे थांबे उखडले. उखडायच्या मागणीत कोण होतं आठवून बघा. रोज बाहेरून येणारे होते, तसेच आसपासच्या सोसायट्यांमधले राहणारेही होते. या मुद्द्यावर दोन्ही बाजूंची एकी झाली होती.

इथे औंधकरांचीही थोडी हजेरी घेतो. "आमच्या वस्तीतून बाहेरच्या गाड्या नकोत" म्हणणारा माणूस शनिवारी सहकुटुंब लक्ष्मी रोडला कारनेच जातो आणि नारायण पेठेतल्या कुणाच्या तरी दारात ती लावतो. तिथे तो उपनगरवाला असतो. रुंद फुटपाथ हवा, पण आपल्या गेटसमोरचा बसथांबा पन्नास मीटर पुढे सरकवा, हा अर्ज माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की त्याचा मसुदा मला पाठ आहे. आणि ती पाकळ्यांची सेडान कुठल्या वाकडकराची नव्हती. रस्त्यावर फुकट गाडी उभी करायचा हक्क सोडायला राहणारेही तयार नसतात. पुण्याचं पार्किंग धोरण महापालिकेत २०१८ला मंजूर झालं, ते तेव्हापासून बहुतांशी कागदावर आहे. त्याला विरोध फक्त बाहेरून येणाऱ्यांनी केला असं नाही.

मताचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तुमच्या प्रश्नाच्या पोटात तोच आहे असं मला वाटतं. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, औंध पुणे महापालिकेत. म्हणजे तुमच्या रोजच्या रस्त्याचा निर्णय घेणाऱ्या नगरसेवकाला तुम्ही ना निवडून देऊ शकता, ना पाडू शकता. हिंजवडीची तर आणखी तऱ्हा. लाखो लोक रोज जिथे कामाला जातात तिथे ग्रामपंचायत, जमीन एमआयडीसीची, नियोजन पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाचं. त्यात २०२२च्या मार्चमध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचं राज्य होतं. त्या काळात औंधकरालाही विचारायला नगरसेवक नव्हता. तुमचा नव्हताच.

हे दुखणं फक्त आपलं नाही. माझा मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतो आणि कामाला टोरंटोत जातो. फोनवर तो जे बोलतो ते अगदी तुमचंच वाक्य. टोरंटोत १९९८ साली मूळ शहर आणि भोवतालची पाच उपनगरं एकत्र करून एक महापालिका केली, आणि तेव्हापासून शहराच्या मध्यातले मतदार विरुद्ध कडेचे मतदार अशी ओढाताण प्रत्येक रस्त्यावरून होते. जार्व्हिस स्ट्रीटवरची सायकल लेन २०१२मध्ये काढली. पुढे ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या मोठ्या रस्त्यांवर सायकल लेन आल्या, तर २०२४च्या नोव्हेंबरमध्ये प्रांत सरकारने त्या काढायचा कायदाच केला. ब्रॅम्प्टन टोरंटो महापालिकेत नाही, पण प्रांताच्या निवडणुकीत त्याची मतं आहेत, आणि ती तिथे वजनदार ठरतात. जुलै २०२५मध्ये न्यायालयाने तो निर्णय घटनाबाह्य ठरवला. लेन काढल्याने कोंडी कमी होईल याला पुरावा नाही आणि सायकलवाल्यांच्या जिवाला धोका मात्र वाढतो, असा त्याचा आशय. पॅरिसमध्ये सीन नदीच्या उजव्या काठावरचा ३.३ किलोमीटर रस्ता २०१६मध्ये गाड्यांना बंद झाला, तेव्हा भोवतालच्या उपनगरांचे महापौर आणि प्रदेशाच्या अध्यक्षा विरोधात उभ्या राहिल्या. २०१८च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण परिणामांचा अभ्यास अपुरा होता. पालिकेने नदीकाठच्या वारशाचं कारण देऊन नवा आदेश काढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो टिकला. आज तिथे लोक फिरतात. पण पहिल्या फेरीत उपनगरांचं म्हणणं न्यायालयात टिकलं, हे आमच्या क्षेत्रातले लोक सांगायचं विसरतात.

"लेन काढली की तेवढीच वाहतूक शेजारच्या गल्लीत जाते" असंही नेहमी ऐकू येतं. अंशतः जाते. पण सगळी नाही. लंडनच्या संशोधकांनी १९९८मध्ये आणि नंतर २००२मध्ये, ११ देशांतल्या सुमारे ७० ठिकाणी रस्त्याची जागा कमी झाल्यावर काय झालं ते गोळा केलं. शेजारचे रस्ते धरूनही एकूण वाहतूक घटलेली आढळली, आणि निम्म्या ठिकाणी ती घट ११ टक्क्यांच्या वर होती. माणसं वेळ बदलतात, दोन फेऱ्यांची एक करतात, काही जण बसने जातात, काही जण मुलाला जवळच्या शाळेत घालतात. फक्त ती बहुतेक कारची शहरं. आपल्याकडे दुचाकी आहे, आणि दुचाकीवाला नाहीसा होत नाही. तो फुटपाथवर चढतो. म्हणून ११ टक्क्यांचा आकडा पुण्याला जसाच्या तसा लावणाऱ्या सल्लागारावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि नव्या फुटपाथच्या कडेला बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे खांब, नसतील तर त्या नकाशावर सहीही करणार नाही.

मला पटणारं उदाहरण दक्षिण कोरियातल्या सोलचं आहे. चॉंगग्येचॉन नाल्यावरचा उन्नत रस्ता २००३च्या जुलैपासून पाडला. दिवसाला दीड लाखाहून जास्त गाड्या त्या पट्ट्यातून जायच्या. २००५च्या ऑक्टोबरमध्ये नाला उघडा झाला, आणि जगभरच्या सादरीकरणांत त्याचेच फोटो फिरतात. पण १ जुलै २००४ला काय झालं ते फोटोत येत नाही. त्या दिवशी सोलने सगळी बससेवा एका झटक्यात नव्याने बांधली: मधोमध बसच्या लेन, नवे मार्ग, बस आणि मेट्रोला एकच तिकीट. नाला उघडण्याच्या पंधरा महिने आधी. आपण फोटो आणतो आणि तारखांचा क्रम विसरतो.

तर माझं मत, दुसऱ्या कुणाच्या नावावर न ढकलता. औंधसारख्या रस्त्यांवर मधल्या पट्ट्यातली एक लेन चालणाऱ्यांना द्यायलाच हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शकात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे, दुकानांसमोर त्याहून जास्त. आणि ती कुणाला उपकार म्हणून द्यायची नाही. बसमधून उतरणारा वाकडकरही तिथूनच चालत जातो. पण चौकाची तोंडं राखली नाहीत, उभ्या गाड्यांवर रोज कारवाई नाही, आणि त्या मार्गावर बस वाढल्या नाहीत, तर ते काम मी अर्धवट म्हणेन. कर्ब बसवण्याआधी बसचं वेळापत्रक दाखवा, अशी मागणी तुम्ही केलीत तर मी तुमच्या बाजूने सभेत उभा राहीन. ती मागणी पुणे महापालिकेकडे करून फारसं काही होणार नाही. पीएमपीएमएलमध्ये तुमची पिंपरी-चिंचवड महापालिकाही भागीदार आहे, २००७ला दोन्हीकडच्या बससेवा एकत्र झाल्या तेव्हापासून. तिथे तुमच्या नगरसेवकाचा आवाज चालतो. दोन्ही शहरांवर मिळून नजर ठेवायला 'पुम्टा' नावाचं एक प्राधिकरणही आहे. त्याच्या बैठकीत तुमच्या बसमार्गाचं नाव निघतं का, हे नगरसेवकाला विचारा. लेन परत द्या म्हणून सह्यांची मोहीम काढण्यापेक्षा तिथे तुमचे दोन तास जास्त कामाला येतील.

आणि त्याआधी एक करा. दोन आठवडे, कामाच्या दिवशी, चौकाच्या रांगेत लागल्यापासून तुम्हाला किती वेळा हिरवा दिवा बघावा लागतो ते मोजा. गाडी चालवताना लिहू नका, बोटांवर मोजा आणि पोचल्यावर नोंदवा. पहिल्याच हिरव्यात सुटत असाल तर तुमचा उशीर मधल्या पट्ट्यात आहे. मग डाव्या लेनमध्ये कोण उभं असतं ते बघा आणि वाहतूक शाखेला फोटो पाठवा. तीन-चार हिरवे जात असतील तर दोष चौकाचा, म्हणजे सिग्नलच्या सेकंदांचा आणि तोंडाच्या रुंदीचा. आणि हिरवा लागूनही समोरची गाडी हलतच नसेल, तर पुढच्या चौकाची शेपटी तुमच्यापर्यंत आली आहे. हे तिसरं सापडलं तर वार आणि वेळेसकट मला कळवा. सिग्नलची फेज बदलायची आणि तोंडाशी कर्ब मागे घ्यायची शिफारस मी स्वतः लिहून देतो, नकाशासकट. फोडायचे मीटर किती ते मला आता अंदाजाने सांगता येतं.